आकाशातील ययाती

ययातीची कथा आपल्या दोन्ही भाषांना जवळची. मराठीत वि. स. खांडेकरांची कादंबरी, कन्नडमध्ये गिरीश कार्नाडांचे नाटक. पुरूने आपले तारुण्य पित्याला देऊन त्याचे वार्धक्य घेतले. आकाशात ज्या तारकासमूहाला आपण ‘ययाती’ म्हणतो, तिथे अशीच देवघेव खरोखर झाली आहे!

या समूहातील अलगोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. १७८३ साली इंग्लंडमधील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने हा काळ मोजला आणि त्याच्यासमोरून काहीतरी आडवे जात असावे, असा तर्क केला. ते ‘काहीतरी’ म्हणजे त्याचा जोडीदार तारा.

पुढे एक कोडे पडले. तारा जितका भारी, तितके त्याचे इंधन लवकर संपते आणि तो म्हातारा होऊन फुगतो. इथे मात्र सूर्याच्या तिपटीहून भारी तारा अजून तरुण आणि सूर्याहून हलका तारा वृद्ध! जन्म तर दोघांचा एकाच वेळचा.

उत्तर १९५५ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने सुचवले. आज हलका असलेला तारा मूळचा भारी होता. आपल्या घाटमाथ्यावर पडलेले पाणी एका अंगाला मलप्रभेत, तर दुसऱ्या अंगाला म्हादईत जाते. दोन ताऱ्यांच्या मध्येही गुरुत्वाकर्षणाचा असाच माथा असतो. फुगलेल्या ताऱ्याचा वायू तो ओलांडून जोडीदाराकडे वाहत गेला. देणारा झिजला, घेणारा भारी झाला.

अलगोल काही अपवाद नाही. अतिभारी ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी अशी देवघेव करतात, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. कधी ही देवघेव स्फोटापर्यंत जाते. सूर्यासारखा तारा विझून श्वेतबटू उरतो. एकटा असेल तर तो निमूट थंड होतो. पण जोडीदाराचा वायू साचत त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेजवळ गेले, तर संपूर्ण ताराच उडू शकतो. श्वेतबटूंच्या अशा स्फोटांतून विश्वातील बरेचसे लोह तयार झाले. आपल्या रक्तातही ते आहे.

मार्गशीर्षात रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे उंच पाहा. कृत्तिका आणि शर्मिष्ठा यांच्या मधल्या भागात अलगोल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एखाद्या रात्री तो शेजाऱ्यांहून फिका वाटला, तर समजा, देऊन झिजलेला तारा घेणाऱ्याच्या आड आला आहे.