झाकली मूठ

जुन्या मोटरसायकलींचा जीर्णोद्धार करणाऱ्या आपल्या मंडळींवर माझा एक आरोप आहे. टाकीच्या रंगाची नेमकी छटा मिळावी म्हणून हे लोक सहा-सहा महिने थांबतात, क्रोमसाठी हातचं न राखता युरो मोजतात आणि शेवटी हँडलवर कुठल्यातरी रबरी नळ्या चढवून फोटो काढतात. गाडी चालवताना हात ज्या वस्तूवर अखंड असतात, तीच सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्तात! विचारलं तर उत्तर ठरलेलं : "अरे, ग्रिपच तर आहे."

बरं, ग्रिपच आहे. पण बहुतेक मोटरसायकलींच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची असते आणि उजवी ग्रिप त्या नळीवर बसतच नाही. ती ॲक्सिलरेटरच्या फिरत्या स्लीव्हवर बसते, म्हणून तिचं भोक मोठं लागतं. 'जोडी' म्हणून आपण जे घेतो ते खरं तर दोन वेगळे पार्ट. दोन्ही एकाच मापाच्या आल्या की उजवी साबण लावून, ताणून चढवायची आणि ती पहिल्याच उन्हाळ्यात फाटायची. नाहीतर डावी सैल, मग गोंद. पावसात सैल ग्रिप हातात फिरली की काय होतं ते ज्याचं त्याला कळतं. चेतकवर तर गिअरच डाव्या मुठीत. रबर फिरतं, नळी जागची हलत नाही, आणि मागे ट्रक हॉर्न देत असतो. इथल्या जुन्या क्राइडलरवाल्यांना हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याही सुरुवातीच्या गाड्यांचे गिअर मुठीतच होते.

माझी येझदी पुण्यात भावाकडे आहे. तिच्यासाठी मी एका विक्रेत्याकडून ग्रिप मागवल्या. जाहिरातीत लिहिलं होतं : 'जावा-येझदी, सर्व मॉडेल, १०० टक्के ओरिजिनल.' आता 'सर्व मॉडेल' आणि 'ओरिजिनल' हे दोन शब्द एका वाक्यात नांदूच कसे शकतात? म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये झेक जावा बनवायला घेतली, १९७३ पासून येझदी नाव लावलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. पस्तीस वर्षांच्या सगळ्या गाड्यांना एकच मूठ? सॉफ्टवेअरमध्ये 'सगळ्या व्हर्जनला चालतं' असं कोणी म्हणालं तर आम्ही आधी टेस्ट रिपोर्ट मागतो. २०१८ मध्ये परत आलेल्या जावाकडेही आशेने बघू नका. नाव तेच असलं तरी गाडी चार-स्ट्रोक आहे, सगळीच निराळी. (जावा या नावातला 'वा' केम्निट्झच्या वांडररचा, म्हणजे जर्मन. येनेचेकने १९२९ मध्ये त्यांची मोटरसायकल घेतली होती. इथल्या मित्रांना हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.)

मॅनहाइम-हॉकेनहाइम भागात भरणाऱ्या फेटेरामाच्या जुन्या बाजारात एकदा जाऊन या. क्राइडलर १९८२ मध्ये बुडाली, म्युनिकची झुंडाप १९८४ मध्ये, तरी लोक व्हर्नियर आणि पार्ट-कॅटलॉग घेऊन फिरत असतात. बाड उराखच्या मागुराचा नमुना हवा, तर तोच हवा. जर्मन माणूस फसवत नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण त्यांच्याकडे 'नाखबाऊ' हा एक सरळ शब्द आहे : नंतर केलेली नक्कल. विक्रेता तो न लाजता लिहितो, गिऱ्हाईक न लाजता घेतं. आपल्याकडेही असा शब्द होता. नाना पेठेतला जुना दुकानदार काउंटरवरच सांगायचा, "ही कंपनीची, ही लोकल. बोला." विक्री ऑनलाइन गेली आणि त्यातली 'लोकल' नाहीशी झाली. आता जे आहे ते सगळं ओरिजिनल!

'जुना न वापरलेला स्टॉक' म्हणून मिळतो त्यालाही भुलू नका. रबर पिशवीतसुद्धा म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. पीव्हीसीची मूठ चिकट होते. आणि कोणी म्हणेल, मला गाडी चालवायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही. खुशाल आधुनिक ग्रिप लावा, माझी हरकत नाही. इथे एच-नंबरप्लेटसाठी गाडी तीस वर्षांची आणि मूळ अवस्थेच्या जवळची लागते, पण नुसत्या ग्रिपवरून कोणाची प्लेट अडल्याचं मी ऐकलेलं नाही. फक्त तिला ओरिजिनल म्हणू नका. विकणाऱ्याने दोन्ही भोकांची मापं, लांबी, माल आणि कुठल्या सालच्या मॉडेलची, एवढं लिहिलं नसेल तर पैसे देऊ नका.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. मेकॅनिक पहिल्या दिवशी जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरतो आणि कचऱ्यात टाकतो. कारखाना गेला, साचे कुठे गेले देव जाणे. त्या मॉडेलच्या मुठीचा शेवटचा पुरावा म्हणजे ती फाटकी ग्रिप, आणि तीच आपण फेकतो. रबराखाली पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून थोडं स्पिरिट सोडलं तर ती अख्खी निघते. मापं घ्या, नक्षीचा आणि टोकाच्या कडेचा फोटो काढा, डावी-उजवी अशी चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. घरात त्या डब्यावरून भांडण होत असेल तर ग्रिप मला पाठवा, पोस्टाचा खर्च मी देईन.