शेकडेवारी कशाला शिकायची?

आर्णीत आमच्या वर्गात शेकडेवारी सुरू झाली की प्रश्न ठरलेला, "सर, याचा उपयोग काय?" उत्तर आपल्या घरातच आहे.

लहानग्याचा खतना डॉक्टरकडे करायचा ठरला की भाग बधिर करायला बहुधा लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. बाटलीवर १% किंवा २% छापलेले असते. १% म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. २% असेल तर २० मिलिग्रॅम. किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा धरली, तर १० किलोच्या बाळाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम चालेल. म्हणजे १% चे ३ मिलिलिटर, २% चे फक्त दीड. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले, तर औषध दुप्पट जाते. रक्तात ते फार वाढले तर झटके येतात, हृदयावरही परिणाम होतो.

हा हिशेब डॉक्टरांचा. पण त्यातला वजनाचा आकडा बहुतेकदा आपणच सांगतो. बाळ ८ किलोचे असताना "असेल दहा" म्हटले, तर २४ ची मर्यादा ३० होते. म्हणून अंदाज सांगू नका. त्याच दिवशी बाळाला काट्यावर ठेवायला सांगा.