पट्टा कोणाच्या कमरेला?

हॉस्पिटलात दोन प्रकारचे पट्टे लागतात. एक उचलणाऱ्याच्या कमरेला बांधतात, दुसरा ज्याला उचलायचं त्याच्या. आपल्याकडे पहिला सर्रास दिसतो, दुसरा शोधावा लागतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरातली पहिली पदवीधर. हे नुसत्या अज्ञानातून होतं असं मला कोणी सांगू नये.

दुसरा पट्टा आधी समजून घ्या. जाड विणीची रुंद पट्टी, एक बक्कल, चांगल्यातल्या पट्ट्याला बाजूंना मुठी. रुग्णाच्या कपड्यांवरून कमरेला बांधायचा, आत दोन बोटं जातील इतकाच सैल. लकवा झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत नेताना आपण काखेत हात घालतो, नाहीतर लुळा हातच ओढतो. त्यात त्याचा खांदा निखळू शकतो आणि ओढणारीची पाठ पिळवटते. मूठ धरली की पकड त्याच्या शरीराच्या मध्याशी येते, आणि पायांवर जेवढा भार त्याला पेलतो तेवढा तो स्वतः पेलतो. ज्याला पायांवर उभंच राहता येत नाही त्याला हा पट्टा चालत नाही, तिथे झोळी आणि होइस्ट हवा. पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा मोडलेली बरगडी असेल तर बांधायचा नाही. एवढं शिकायला एक दुपार पुरते.

आणि पहिला पट्टा? अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९४ सालीच सांगितलं की धडधाकट कामगाराची पाठ अशा पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही. तरी तोच वाटला जातो, कारण तो व्यवस्थापनाच्या सोयीचा आहे. पाठ गेली तर विचारता येतं, “पट्टा नीट लावला नव्हतास का?”

त्याच संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशेब मांडला: परिस्थिती अनुकूल असली तरी रुग्ण हलवताना एका माणसावर ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोच्या वर भार येऊ नये. आपल्याकडे सत्तर किलोचा माणूस दोन मावश्या उचलतात, दिवसातून कितीतरी वेळा.

या मावश्या कोण? कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ठेकेदाराचं हजेरीपत्रक घ्या आणि आडनावं वाचा. घरी रुग्ण सांभाळायला बाई हवी म्हणून ब्युरोला फोन करणारेही आडनाव विचारतात. जिच्या हातचं पाणी नको, तिच्या खांद्यावर मात्र अख्खं शरीर टाकायचं. महाराष्ट्रात मावशी आणि मामा, कोलकात्यात आयामाशी, हैदराबादेत आयाम्मा. डॉक्टरला कोणी काका म्हणत नाही. नातं लावलं की साधनं मागायची, ओव्हरटाइम मागायची सोयच उरत नाही.

माझी आई एका खासगी हॉस्पिटलात अशीच मावशी होती, कंत्राटावर. एल-फोर एल-फाइव्हमधली गादी सरकली तेव्हा ठेकेदार म्हणाला, वय झालं तुमचं. कायद्याकडे बघावं तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामातून होणाऱ्या आजारांची यादी होती. शिसं होतं, सिलिकोसिस होता. माणसं उचलून झिजलेला मणका नव्हता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३४ ने इजा होईल इतकं ओझं उचलायला लावायला बंदी घातली होती, पण ती फॅक्टरीत. वॉर्ड फॅक्टरीत मोडत नव्हता.

यात जात कुठून आली, असं माझ्या वर्गातले मित्र विचारतात. त्यांना एवढंच विचारते: मशीन बिघडू नये म्हणून दरवर्षी देखभालीचा करार होतो, मग काही शे रुपयांचा पट्टा खरेदीच्या यादीत का येत नाही? ज्या पाठी बदलायला रांगेत दुसऱ्या पाठी उभ्या आहेत, त्यांच्यावर खर्च कोण करणार! जपानच्या सरकारने २०१३ साली कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या, तेव्हा माणसाला हातांनी उचलायला शक्यतो लावूच नये असं लिहिलं. तिथे हे शक्य आहे, इथे नाही, याचं कारण कोणी मला गरिबी म्हणून सांगू नये. त्याच इमारतींत संगमरवर बसतो.

तुमच्यातले काही आता नर्सिंगमध्ये आहेत, काही एचआरमध्ये, काही खरेदी विभागात बसतात. पुढच्या मागणीपत्रात प्रत्येक वॉर्डासाठी मुठींचे, धुता येतील असे पट्टे लिहा. ठेकेदाराच्या करारात प्रशिक्षणाचे तास पगारी धरून घ्या, आणि ते शिकवायला आमच्यासारख्यांना बोलवा. नकार आला तर तो लेखी मागा.