हास्याआधीची २५ मिनिटे

संतचरित्रकारांना मृत्युशय्येवरचे हसू फार प्रिय. ते हसू खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. ते फार स्वस्त करून वाटले जाते, ही आमची तक्रार आहे.

इटलीतील सासेल्लो गावची किआरा बादानो ही कॅथलिक मुलगी धर्मभगिनी नव्हती, प्रापंचिकच होती. १९८८ मध्ये टेनिस खेळताना तिचा खांदा दुखला. निदान झाले हाडाच्या कर्करोगाचे. ७ ऑक्टोबर १९९० रोजी, एकोणीस वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले असताना, ती वारली. २०१० मध्ये चर्चने तिला ‘धन्य’ घोषित केले. तिचे हसणे आणि वधूवेशात दफन व्हावे ही तिची इच्छा सर्वत्र सांगितली जाते. मात्र आजाराचे गांभीर्य कळल्यावर घरी येऊन, आईला बोलू न देता, ती २५ मिनिटे निमूट पडून राहिली, हे एका वाक्यात उरकले जाते. त्या मिनिटांत काय घडले ते कोणालाच ठाऊक नाही. चरित्रकाराने थांबायला हवे ते नेमके तेथेच.

शुद्ध राहावी आणि वेदना ख्रिस्ताला अर्पण करता यावी म्हणून तिने मॉर्फिन नाकारले. या नकाराला मोल आहे, कारण औषध हाताशी होते. हीच कथा नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील ख्रिस्ती घरांत आदर्श म्हणून सांगितली, तर तिचा अर्थच उलटतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर आपल्याकडे मॉर्फिन दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, पण डोंगरातला रुग्ण अजून दूरच आहे. ज्याला औषध मिळालेच नाही, त्याने ते ‘नाकारले’ असे कसे म्हणावे? आणि त्याच्या कण्हण्याला श्रद्धेची उणीव कोणी म्हणावे? वेदनाशामक घेण्यास धर्माची आडकाठी नाही, असा निर्वाळा खुद्द पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये दिला होता.

अशा कथांनी दुबळ्यांना बळ मिळते, असे कोणी म्हणेल. मिळतेही. पण श्रद्धेला झाडूनपुसून मांडावे लागत नाही, हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने १९३४ पासून शिकवले आहे. त्यातला राग, भांडणे आणि हसू एकाच घरात नांदतात. किआराचे चरित्र वर्गात वाचवून घेणाऱ्यांनी आधी तिची ती २५ मिनिटे विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत. हसण्याकडे नंतर वळावे.