डीआरवाय, गुंठा आणि आर

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. (काका-मावश्यांनो, पळू नका, विषय जमिनीचा आहे!)

प्रोग्रामिंग शिकलेल्या प्रत्येकाला एक मंत्र पाठ असतो. डीआरवाय, म्हणजे 'डोन्ट रिपीट युवरसेल्फ'. हंट आणि थॉमस या जोडीने १९९९ साली 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर'मध्ये तो मांडला. त्यांचा रोख माहितीवर होता. एक गोष्ट, तिची एकच खात्रीची जागा. आपल्याकडे त्याचं काय झालं, तर दोन ओळी सारख्या दिसल्या की कर एकत्र!

आता आमच्या नांदेडकडचा हिशोब बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात मात्र एकर-गुंठे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७. "सारखंच आहे की" म्हणून एखाद्या हुशाराने दोन्हींना एकच फंक्शन लावलं, तर पाच एकरांत, म्हणजे २०० गुंठ्यांत, जवळपास २३४ चौरस मीटर गायब. अडीच हजार चौरस फूट हो! इथे बांध हातभर कोरला तरी भावाभावांत कोर्टकचेरी होते. कोड मात्र दिसायला देखणा.

मंत्र खोटा नाही. उस्मानाबाद जिल्ह्याचं २०२३ मध्ये धाराशिव झालं. ज्यांनी ते नाव प्रोग्राममध्ये शंभर ठिकाणी लिहिलं असेल, त्यांना डीआरवायची किंमत विचारा. पण तिथेही मेख आहेच. नाव एका जागी बदललं आणि २०१० ची पावती पुन्हा छापली, तर तिच्यावरही धाराशिव! हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळी झाली, म्हणून त्याआधीच्या कागदावरची परभणी पुसायची का? जिल्ह्याचं आजचं नाव आणि कागद केला त्या दिवशीचं नाव या दोन गोष्टी आहेत. दिसतात एक, एवढंच.

यावर 'यॅग्नी'वाले (गरज पडेल तेव्हा बघू, हा त्यांचा मंत्र) म्हणणार, जिल्हे काय रोज बदलतात? अहो, लातूरसुद्धा १९८२ मध्ये उस्मानाबादमधूनच निघालं. मराठवाड्यातल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

असो. इंटरव्ह्यूत पोरांना 'सॉलिड'ची पाच अक्षरं कशाकशाची, ते हमखास विचारतात. एका एकरात गुंठे किती, हे कुणी विचारल्याचं अजून ऐकलं नाही.