घरच्या राऊटरचा खरा हिशेब

खेड्यात इंटरनेटची तार पोहोचली की विकासाचे एक पाऊल पडले, असे मानण्याचा प्रघात आहे. ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला वाशिम जिल्हा अशा योजनांकडे आशेने पाहतो, यात नवल नाही. परंतु तार घरात आल्यावर तिच्या टोकाशी कोणते यंत्र बसवावे, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो.

मालेगाव तालुक्यातील मेडशी हे अकोला-वाशिम रस्त्यावरील गाव. अशा गावातही आज बँकेचे व्यवहार, मुलांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती हे सारे इंटरनेटवरून चालते. राऊटर हा या साऱ्याचा दरवाजा, तर फायरवॉल हा त्या दरवाजावरचा रखवालदार. रखवालदार झोपला की काय होते, हे जगाने पाहिले आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राऊटर लाखोंच्या संख्येने काबीज केले. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने किमान ५४ देशांतील सुमारे पाच लाख उपकरणांत शिरकाव केला. ही उपकरणे बव्हंशी घरांतील व लहान कचेऱ्यांतील होती. तेव्हा ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हा युक्तिवाद फोल ठरतो. चोराला घरातला ऐवज नको असला तरी घराचा आडोसा हवा असतो.

यावर एक उपाय सहज सुचविला जातो: घरातील जुना संगणक घ्यावा, त्यावर विनामूल्य फायरवॉल प्रणाली चढवावी, काम झाले. उपाय तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. परंतु फुकटच्या यंत्राचे वेतन वीजबिलातून द्यावे लागते, याचा विसर पडतो. राऊटर अहोरात्र चालणारे यंत्र आहे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सतत जळणारा प्रत्येक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. ६० वॅटचा जुना संगणक वर्षाकाठी सुमारे ५२५ युनिट घेईल, ६ वॅटचा लहान राऊटर सुमारे ५३. युनिटला आठ रुपये धरले, तर एकाचा खर्च ४,२०० रुपये आणि दुसऱ्याचा सव्वाचारशेच्या आत. एका वर्षाच्या फरकात चांगला राऊटर घेता येतो.

बिलापेक्षाही खंडित विजेचा प्रश्न मोठा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात. व्यवहारात निम्मे धरले तरी ६ वॅटचा राऊटर सात तास चालेल. ६० वॅटचा संगणक पाऊण तासही नाही. अनेक घरगुती राऊटर मुळातच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे मध्ये इन्व्हर्टर घालून वीज वाया दवडण्याचे कारण नाही. मात्र बॅटरी भरताना तिचा दाब वाढतो, म्हणून तो स्थिर राखणारे उपकरण हवेच. आणि सेवादात्याची प्रकाशतंतूची पेटी वेगळी असेल तर तिचीही सोय हवी.

मग ‘कमी वॅट, कमी किंमत’ एवढीच कसोटी लावावी काय? तसे केल्यास दुसरी फसगत होते. निर्मात्याने सुधारणा देणे थांबविलेला राऊटर कितीही स्वस्त असला तरी तो आंधळा रखवालदार होय. येथे २००४ पासून विकसित होत असलेली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली उपयोगी पडते. कंपनीने हात झटकल्यावरही ती यंत्राचे आयुष्य वाढविते. मात्र तिच्यासाठी यंत्रात १६ एमबी साठा व १२८ एमबी स्मृती असावी. शिवाय एकाच नावाच्या राऊटरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत आतील भाग बदललेले असतात. यंत्राच्या तळावरील आवृत्तिक्रमांक पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. पन्नास-शंभर एमबीपीएसच्या जोडणीस एवढे यंत्र पुरते.

अर्थात, राऊटर कितीही चांगला असला तरी दूरध्वनीवरून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यास तो अडवू शकत नाही. तेथे माणसालाच सावध राहावे लागते. परंतु हा सावधपणा ग्राहकाकडे मागताना निर्मात्यास मोकळे सोडणे न्याय्य नव्हे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यास मनाई झाली असून सुरक्षा-सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे निर्मात्यास जाहीर करावे लागते. शीतकपाटावरचे तारे पाहून खरेदी करण्याची सवय भारतीय ग्राहकास लागली आहे. राऊटरच्या खोक्यावरही वॅट आणि सुधारणांची अंतिम तारीख हे दोन आकडे ठळक व मराठीत छापलेले असावेत. एवढे झाले तरी मेडशीच्या ग्राहकास दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. तार ओढण्यावर कोट्यवधी खर्च करणाऱ्या शासनाला दोन ओळींची ही सक्ती जड जाऊ नये.