पूल ओलांडला की पेन्शन गोठते

अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर. मध्ये एक नदी, नदीवर पूल. आता दोन ब्रिटिश आजोबांची कल्पना करा. दोघांनी जन्मभर ब्रिटनमध्ये नोकरी केली, नॅशनल इन्शुरन्सचे हप्ते सारखेच भरले आणि २००१ साली रिटायर होऊन दोघंही आपापल्या मुलांकडे राहायला गेले. एक डेट्रॉइटला, दुसरा विंडसरला. तेव्हा पूर्ण बेसिक स्टेट पेन्शन आठवड्याला ७२.५० पौंड होती. डेट्रॉइटच्या आजोबांची ती वाढत वाढत एप्रिल २०२५ मध्ये १७६.४५ पौंड झाली. विंडसरच्या आजोबांना अजूनही ७२.५०च मिळतात. वर्षाचा फरक सुमारे ५,४०० पौंड. आणि ज्यांची पेन्शन गोठली, त्यांच्या देशाचा राजा अजूनही चार्ल्सच आहे!

याला 'फ्रोझन पेन्शन' म्हणतात. अमेरिका, युरोपियन युनियन, फिलिपिन्स, जमैका इथे राहिलात तर दरवर्षी वाढ. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत इथे राहिलात तर शून्य. देश सोडताना किंवा पहिल्यांदा पेन्शन घेताना जो आकडा असेल, तो मरेपर्यंत तोच. असे साडेचार ते पाच लाख लोक आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कुणी माझ्याकडे असा कोड रिव्ह्यूला पाठवला, की हप्ते घेताना देश विचारायचा नाही, पण वाढ देताना देशाच्या यादीत नाव शोधायचं, तर मी तो मंजूर करणार नाही. या नियमातला सगळ्यात विचित्र भाग तर पुढेच आहे. हेच विंडसरचे आजोबा दोन आठवडे लंडनला नातेवाइकांकडे आले, तर तेवढ्या दिवसांपुरता त्यांना चालू दर मिळू शकतो. विमानात बसून परत गेले की पुन्हा ७२.५०. म्हणजे हिशेब ठेवणं अवघड आहे, ही सबब कुणी सांगू नये.

सरकारचं उत्तर ठरलेलं आहे. ज्या देशांशी तसा करार आहे, तिथेच वाढ मिळते. पण करार होत नाहीत ते कुणामुळे? कॅनडा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना महागाईप्रमाणे वाढ देतो आणि तशीच वाढ ब्रिटननेही द्यावी, अशी मागणी करत आला आहे. ऑस्ट्रेलियाने तर याच मुद्द्यावर वैतागून २००१ मध्ये ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षा करारच मोडला. समोरचा हात पुढे करतो, आपण खिशातून हात काढायचा नाही आणि वर म्हणायचं, हस्तांदोलन झालं नाही!

दुसरा मुद्दा खर्चाचा. खर्च होईल, हे खरंच. पण परदेशात राहणारा म्हातारा ब्रिटनच्या सरकारी दवाखान्याच्या रांगेतही नसतो, ती बचत कोण मोजतं? आणि पैसे वाचवायचेच असतील तर सगळ्यांची वाढ थोडी कमी करा. ठरावीक देशांतल्या म्हाताऱ्यांनीच तो भार का उचलायचा?

तिसरा मुद्दा कोर्टाचा. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन यांचा खटला थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. २०१० मध्ये त्या ११ विरुद्ध ६ मतांनी हरल्या. ठीक आहे, नियम कायदेशीर ठरला. पण कायदेशीर म्हणजे न्याय्य नव्हे. कोर्टाने सरकारला वाढ द्यायला भाग पाडलं नाही, तशी वाढ द्यायला मनाईही केलेली नाही. संसदेने ठरवलं तर हा नियम बदलता येतो.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? माझ्या बॅचमधले कितीतरी जण आज रेडिंग, मँचेस्टर, लीड्सला आहेत. दर महिन्याला त्यांच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो. दहा वर्षं भरली की थोडी पेन्शन, पस्तीस वर्षं भरली की पूर्ण. यातल्या अनेकांचं स्वप्न एकच, शेवटी पुण्याला, नाशकाला परत यायचं. त्यांच्याआधी गेलेल्या डॉक्टर-नर्सांचंही तेच होतं. भारत गोठलेल्या यादीत आहे, म्हणजे परत येण्याचा दंड आहे. २०२५ च्या व्यापार करारासोबत तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या दुहेरी हप्त्यांचा प्रश्न सोडवायचं ठरलं. चांगलंच झालं. पण तो फायदा मुख्यतः कंपन्यांचा आणि तरुणांचा. म्हाताऱ्यांच्या वाढीचा विषय आपल्या सरकारने पुढच्या प्रत्येक चर्चेत टेबलावर ठेवायला हवा.

आणि ब्रिटनमधल्या मित्रमैत्रिणींनो, एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणारे भारतीय नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. २०२४ पासून परदेशात गेलेल्या ब्रिटिश नागरिकांवरची पंधरा वर्षांची मर्यादाही उठली आहे. म्हणजे मत आहे. नाव नोंदवा. उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: हप्ते घेताना तुम्ही पत्ता विचारला नाहीत, मग वाढ देताना का विचारता?